तोंड मिटून धावण्याबद्दल

देऊळघाट,
एकादशी

चि. आल्हाद यास वैजनाथभाऊजींचा आशीर्वाद. (रिवाज म्हणून लिहिला आहे, मनातून दिलेला नाही.) तुझी प्रेमलाताई बरी आहे, माझी साखर होती तिथेच आहे, आणि टाचेत बाभळीचा काटा आहे. तुझं पुण्यात बरंच चाललं असेल; दुसऱ्याला सल्ले देणाऱ्यांचं सहसा बरंच चालतं.

मंगळवारी सकाळी मी मारुतीला पाणी घातलं, चपला पायरीखालीच ठेवल्या आणि तू दिवाळीत शिकवल्याप्रमाणे अनवाणी धावायला लागलो. पंजावर भार, नजर समोर, श्वास फक्त नाकाने, तोंड अजिबात उघडायचं नाही. पंक्चरवाले अब्दुल गनीभाई दुकान उघडत होते. मला पाहून त्यांनी हातातला पाना खाली टाकला आणि विचारलं, "वैजनाथभाऊ, कोन?"

तुमच्या पुण्यात धावणाऱ्याला 'किती किलोमीटर' असं विचारत असतील. आमच्याकडे गेल्या काही वर्षांत पन्नाशीचा माणूस सकाळी अनवाणी धावताना दिसला, तर त्याचा एकच अर्थ होतो: कोणीतरी फवारणीचं औषध प्यायलं. म्हणून 'काय झालं' असं कोणी विचारत नाही. 'कोण' एवढंच विचारतात. मला हे तेव्हाच सुचायला हवं होतं. पण मी तुझा शहाणा शिष्य. तोंड मिटून, कुठवर जाणार ते हाताने दाखवलं. त्या रस्त्याच्या टोकाला एकच घर आहे, हिंमतरावाचं. आणि हिंमतरावाने आठच दिवसांपूर्वी उभ्या पऱ्हाटीत (तुमच्या भाषेत कपाशीत) जनावरं सोडली होती. (बियाण्याच्या पाकिटावर छापलं होतं, अळीची काळजी नको. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. तुझं बोलणंही मला आता त्या पाकिटासारखंच वाटतं.)

मागे पावलं वाजू लागली. गनीभाई, सुभद्राबाई, दूध घालायला निघालेले दोघे, असे वीसेक जण. मला वाटलं, गावाला व्यायाम पटला. छाती फुगली माझी. देव मला त्याची क्षमा करो, तुला नको.

हिंमतरावाची बायको सोजराबाई अंगण झाडत होत्या. त्यांनी एवढी माणसं येताना पाहिली, झाडू टाकला आणि काही न विचारता गोठ्याकडे धावल्या. अनवाणीच. तेव्हा कुठे मला कळलं, आपण काय करून बसलो.

गोठ्यातून हिंमतराव दुधाची बादली घेऊन बाहेर आला. त्याने आमच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"मी हाय ना बे," तो म्हणाला. "काऊन पाहून राह्यले असे?"

गनीभाईंनी त्याला मिठी मारली आणि त्याच्या खांद्यावरून मला ज्या शिव्या दिल्या, त्या एकादशीला लिहिता येत नाहीत. मग हिंमतराव घरात गेला, माळ्यावरचा औषधाचा भरलेला डबा काढून आणला आणि गनीभाईंच्या हातात दिला. "घेऊन जाय," एवढंच म्हणाला. पऱ्हाटी तर जनावरांनी खाल्ली होती. डबा कशासाठी ठेवला होता, ते कोणी विचारलं नाही.

ही तुझ्या व्यायामाची पुण्याई समजू नकोस. सोजराबाई गोठ्यापर्यंत जी वीस पावलं धावल्या, त्यांचा जाब तुला इथे येऊन द्यावा लागेल.

वैजनाथ

ता.क. नऊ नंबरचे धावण्याचे बूट पाठव. माझा पाय सात नंबरचा आहे, बूट हिंमतरावासाठी. तो रोज माझ्याबरोबर येतो म्हणाला आहे, आणि या गावात दोन अनवाणी माणसं एकदम धावलेली चालणार नाहीत.

आणखी एक. तुझा नाकाचा नियम मी आज मोडला. धावलो अनवाणीच, पण तोंड उघडं ठेवून, प्रत्येक दारासमोर सांगत: "कोनी नाही, सारे हायेत."