त्रास : नाही

३ नोव्हेंबर २००३, सोमवार

नोकरी लागली! कळवणहून सकाळच्या एस्टीने आले, ट्रंक आणि गादीची वळकटी पंचवटीतल्या खोलीवर टाकली आणि थेट दवाखान्यात हजर झाले. डॉ. धात्रकांनी चहा पाजला, वर दोन बिस्किटंही दिली. हा दवाखाना आपल्याला मानवणार.

काम असं. गुडघेदुखीवर एक नवी पिवळी गोळी निघालीय, तिला सरकारची मान्यता मिळून आठ महिने झाले. डॉक्टर म्हणाले, मान्यता मिळाली म्हणजे संपलं नाही, खरी परीक्षा लोक घ्यायला लागल्यावर. आसपासच्या खेड्यांतल्या चाळीस रोग्यांना गोळी द्यायची, दर पंधरा दिवसांनी त्यांच्या घरी जाऊन फॉर्म भरायचा, आणि सहा महिन्यांनी माझ्या सहीचा अहवाल वर पाठवायचा. अहवाल चांगला गेला की गोळी गावोगावच्या दवाखान्यांत जाणार. नियम एकच, ठळक अक्षरांत: पहिली गोळी तपासनिसाने स्वतःच्या हाताने द्यावी आणि रोग्याने ती गिळल्याचं पाहावं.

माझ्या आधी या टेबलावर ललित म्हणून एक जण होता, सायखेड्याचा. बारा रोगी झाले आणि गडी मध्येच सोडून गेला. कपाट आवरताना त्याच्या सतरा वह्या निघाल्या. सगळ्यांत पानंच्या पानं नामजप, मुंगीएवढ्या अक्षरात. आमची मावशीही लिहिते, पण दिवसाला एक पान, तेही आंघोळ झाल्यावर. हा पठ्ठ्या पगारी वेळेत पुण्य जोडत होता! वह्या बांधून माळ्यावर टाकल्या.

१७ नोव्हेंबर

मखमलाबादला पहिली फेरी. चिमणाबाई, वय बासष्ट, झेंडूचा मळा. गुडघे इतके धरलेले की फुलं तोडायला पाटावर बसून सरकत जातात. तळहातावर गोळी ठेवली, तांब्यातून पाणी दिलं. गिळल्यावर तोंड उघडून दाखवा म्हटलं तर म्हणाल्या की आता काय दात मोजतेस का. शेजारचे रावजीबाबा भाजीवाले, त्यांनाही दिली. येताना दोघांकडून मिळून झेंडू, मेथी आणि चार वांगी. या नोकरीत माणूस उपाशी मरायचा नाही.

१ डिसेंबर

गोळी म्हणजे गोळीच आहे! चिमणाबाई उभ्या राहून फुलं तोडत होत्या. फॉर्ममधला 'त्रास : हो / नाही' हा रकाना विचारला तर हसल्या. म्हणाल्या,

"तरास कसला? उलट लय बरं वाटतंय. दुपारची आडवी झाले का कुनीतरी पाय चेपतं बघ."

मी 'नाही' लिहिलं. पाय चेपून देण्याला त्रास कोण म्हणेल? आमच्याकडे तर त्यासाठीच सून आणतात. रावजीबाबांचंही तेच, तळपाय कुणीतरी दाबतं. डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले की रक्त खेळायला लागलं की तसं वाटतं.

माझे मात्र दोन्ही अंगठे दुखताहेत. फॉर्म लिहून लिहून असेल. चाळीस जणांचे चार चार पानी फॉर्म म्हणजे हातांचा पिट्टाच पडतो.

१८ जानेवारी २००४

संक्रांतीला घरी जाऊन आले. आईला उंबरा ओलांडताना भिंत धरावी लागते. चुलीपुढून उठताना तिच्या तोंडून जो आवाज निघतो तो मला ऐकवत नाही. वडील गेल्यावर हिनेच मळा सांभाळून मला शिकवलं आणि मी जगाचे गुडघे बरे करत हिंडतेय. दवाखान्यातून चार पाकिटं जास्तीची आणली होती. चोरीच म्हणायची, पण करून चुकले. तिळगुळासोबत पहिली गोळी माझ्याच हाताने तिच्या तळहातावर ठेवली. लेकीच्या हातचं औषध म्हणून तिने ती आधी कपाळाला लावली.

२ फेब्रुवारी

आज जरा विचित्र झालं. चिमणाबाई चुलीपुढे बसल्या होत्या आणि पाय निखाऱ्यावर पडला होता. मांस जळाल्याचा वास आला तो मला. त्यांना पत्ताच नाही. मी ओढून बाजूला केलं तर म्हणाल्या की गुडघ्याखालचं आता आपलं वाटतच नाही. दाबणारे हात चढत चढत मांडीशी आलेत. कोण दाबतं, नीट आठवा, असं मी विचारलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"आता गं, ताई! तूच तर येतीस की."

लाडाने म्हणत असतील. म्हाताऱ्या माणसांना माया लागते.

पण रावजीबाबाही तेच म्हणाले. मग ढकांब्याच्या तीन बाया. त्यांनी चिमणाबाईंना जन्मात पाहिलेलं नाही.

१० फेब्रुवारी

दुपारी टेबलावर जरा डोळा लागला. उठले तर बोटांना वास. निर्गुडीचं तेल. दवाखान्यात ते कुणी वापरत नाही, माझ्या खोलीतही नाही. आई वापरते. पायांना.

अंगठे सुजलेत. साबणाने चारदा हात धुतले.

शेजाऱ्यांच्या फोनवर आईला बोलावून घेतलं. आधी सहजच विचारलं. ती म्हणाली की गुडघे मोकळे झाले, आणि तू इतक्या लांबून रोज कशाला येतेस, नोकरी सांभाळ. मी म्हटलं, गोळ्या आत्ताच्या आत्ता चुलीत टाक. टाकते म्हणाली. मी शपथ घातली.

१६ फेब्रुवारी

आईने गोळ्या खरंच टाकल्या. हात थांबलेले नाहीत. तिच्या कमरेशी आलेत. चिमणाबाईंना तिथे पोचायला तीन महिने लागले, आईला एकच. हाताला सवय झालीय.

ललितच्या रोग्यांची फाइल काढली. बारांपैकी नऊ जणांपुढे त्याच्या अक्षरात 'संपर्क तुटला'. एक पत्ता इथल्या जवळच्याच म्हसरुळचा होता, म्हणून चालत गेले. संपर्क कसला तुटतोय! फोटोला हार होता. झोपेत गेले, सून म्हणाली. चेहरा शांत होता, फक्त गळ्यावर दोन निळे डाग होते.

चाळीसही फॉर्म काढले आणि लाल शाईने 'त्रास : हो' केलं. डॉक्टरांनी शांतपणे कोरे फॉर्म पुढे सरकवले. म्हणाले, पाय चेपल्यासारखं वाटणं याला जगात कुणी त्रास म्हणत नाही, आणि सगळीकडे आधी तूच 'नाही' लिहिलंयस, तुझ्याच सहीने. खरं बोलत होते. मी सगळ्यांच्या गोळ्या बंद केल्या, पण त्याचा काय उपयोग. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

७ मार्च

चिमणाबाई गेल्या. दुपारी, जेवून पडल्या असताना. त्या वेळी मी खोलीवर झोपले होते. उठले तेव्हा हातांना झेंडूचा वास येत होता.

मी मारलं त्यांना. दुसरा शब्द नाही.

१२ मार्च

सायखेड्याला ललितचं घर शोधलं. ओसरीवर बसून लिहीत होता. नामजप. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं, रक्त सुकलेलं. मी बोलत होते तरी मान वर केली नाही, पेन थांबवलं नाही. लिहिता लिहिताच तुटक तुटक सांगत गेला. हात रिकामे झाले की ते जातात. झोपेत, नाहीतर नुसते मांडीवर ठेवले तरी. काम करत राहिलं तर राहतात. भांडी, निवडणं, विणणं, सगळं करून पाहिलं त्याने, लिहिणं सगळ्यात जास्त वेळ टिकतं. त्याच्या वडिलांनाही त्यानेच दिली होती. वडील गेले त्या दिवशी लिहिता लिहिता डोळा लागला होता, घटकाभरच.

मी विचारलं, वडील तर गेले, मग आता कुणासाठी लिहितोस?

"तिघं जिवंत हायेत अजून," म्हणाला. "तुमचे किती?"

माझे एकोणचाळीस. आणि आई.

१५ मार्च

लिहितेय. रात्रभर लिहिलं. फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजू संपल्या. माळ्यावरून ललितच्या वह्या काढल्या, समासात लिहितेय. हसले होते त्याला.

पहाटे पेन पडलं. किती वेळ, माहीत नाही. रावजीबाबा गेल्याचा निरोप आला दहाला.

१९ मार्च

कळवणला आले. एस्टीत पूर्ण वेळ लिहिलं, अक्षर वाकडं आलंय. आईजवळ बसले तर हात कुठवर आलेत ते निदान दिसेल तरी. तिला कमरेखाली काही कळत नाही, खाटेवर पडून आहे. चेहरा मात्र खुशीत. लेक घरी आली म्हणून.

जेवण तिनेच भरवलं, पडल्या पडल्या. माझे हात गुंतलेत ना. काय लिहितेस गं एवढं, विचारत होती. अहवाल, म्हटलं.

२१ मार्च, पाडवा

गुढी शेजारच्यांनी उभारून दिली. मी अंगणात बसून आई आई आई आई लिहिलं चार पानं. दुसरं काही सुचत नाही.

आई म्हणते छातीशी आलेत. छान वाटतं म्हणते, ओझं उतरल्यासारखं.

हो. त्रास हो. त्रास हो. कुणी वाचलंत तर — लाल शाईतलं खरं —

२२ मार्च

चौथा दिवस. झोप नाही. मिरची डोळ्याला लावली. अंगठा फुटलाय, कागद चिकटतो. लिहिता येतंय पण. येतंय.

दुपार. आई बघतेय माझ्याकडे. रडतेय. माझे डोळे बघून. म्हणते किती वाळलीस —

लिही. लिही. आई आई आई आ

डोळा — नाही, जागी आहे. जागी.

ती खाटेवरून वाकलीय. म्हणते, "हर्षे, ठेव गं ते आता. हात बघ कसे झालेत. आण इकडं, मी चेपून देते."

नको आई — सांगितलं — ऐकत नाही — माझा हात धरलाय तिने, पेन सोडवतेय, बोट बोट करून, मायेने — डाव्या हाताने लिहि — तोही धर