गालगुंडाचा दाखला आणि पहिली मॅच

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, अविवाहित, धंदा शिवणकाम, शरीराने जेमतेम पण डोक्याने शाबूत, कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा गोड बोलण्याने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, साधं काम आहे. कोटाची बाही बदलायची असली की मीही गिऱ्हाइकाला असंच सांगायची.

कलम १. मी यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागाच्या भरात केलेलं होतं आणि त्यात "माझ्या थोरल्या भावास काहीही नाही" हे वाक्य दोनदा आलं होतं. एकदा पुरे, असं वकीलबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या.

कलम २. दुकान, त्यावरच्या दोन खोल्या आणि बँकेत उरेल ते माझ्या भाचीला, म्हणजे याच थोरल्या भावाच्या मुलीला द्यावं. स्वयंपाकघरातला नळ आधी डावीकडे घट्ट पिळून मग थोडा उजवीकडे आणायचा. प्लंबरला बोलावू नये. तो नळ दुरुस्त करतो आणि भिंत गळायला लागते.

कलम ३. शिवणयंत्र, कापायचं टेबल आणि मोठी कात्री माझ्याकडे एकोणीस वर्षं काम करणाऱ्या कारागीरबाईंना. या कात्रीने कापडाशिवाय काहीही कापू नये. माझ्या वहिनीने एकदा याच कात्रीने पुठ्ठ्याचं खोकं कापलं होतं. कात्रीला धार लावून आणली, वहिनीला माफ केलं नाही. त्या बदल्यात, गिऱ्हाईक न्यायला न आलेला तपकिरी कोट वहिनीला द्यावा. तो तिला होणार नाही, याची मला कल्पना आहे.

कलम ४. स्टेडियममधली माझी कायमची खुर्ची, रांग बारा, क्रमांक नऊ, हीसुद्धा भाचीला. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. खुर्चीसमोर खांब असल्यामुळे अर्धाच गोलपोस्ट दिसतो, तेव्हा तिचं फार नुकसान होणार नाही. क्रमांक दहावर तिचे वडील बसतात. ते आणि मी गेली अकरा वर्षं एकमेकांशी बोललेलो नाही. जागा बदलायला मी तयार नाही, कारण ती मी आधी घेतली. तोही तयार नाही, कारण तो थोरला आहे. आपला गोल झाला की दोघंही उभे राहतो. तो पलीकडच्या अनोळखी माणसाला मिठी मारतो, मी खांबावर थाप मारते. मध्यंतरात मी माझ्या थर्मासमधला चहा पिते. तो रांगेत उभं राहून गार झालेला चहा आणतो. असं आमचं सुखात चाललं आहे.

कलम ५. बिस्किटांचा निळा डबा. याच्यासाठीच मी हे मृत्युपत्र लिहायला बसले.

मी सात वर्षांची होते आणि दादा नऊ. बाबा बस डेपोत मेकॅनिक होते. त्यांना डेपोतून मॅचची दोन तिकिटं मिळाली, एक त्यांचं, एक दादाचं. मी मुलगी, म्हणून माझा प्रश्नच आला नाही. मॅचच्या दोन दिवस आधी दादाला गालगुंड झालं. दोन्ही गाल असे फुगले की आरशात बघून तो स्वतःच घाबरला. तिकीट वाया कशाला घालवायचं, म्हणून बाबांनी मला नेलं. दादाची टोपी, दादाचा कोट. बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या.

ती मॅच शून्य-शून्य झाली. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण बाबांनी मला खांद्यावर घेतलं आणि एवढं मोठं, एवढं हिरवं मैदान मी पहिल्यांदा पाहिलं. एक चेंडू प्रेक्षकांत येऊन एका माणसाच्या थर्मासवर आदळला. आमच्या गोलकीपरच्या डाव्या कोपराला ठिगळ होतं, हिरव्याच कापडाचं पण वेगळ्या हिरव्या दोऱ्याने लावलेलं, टाकेही वाकडे. मी अर्धा वेळ तेच बघत होते. पुढे आयुष्यभर काय करणार, ते मला तिथेच कळलं असावं.

अकरा वर्षांपूर्वी क्लबला शंभर वर्षं झाली. जुन्या चाहत्यांकडून पहिल्या मॅचच्या आठवणी मागवून क्लबने पुस्तिका काढली. पान चौदावर दादाचा फोटो आणि त्याची आठवण. बाबांचा खांदा, थर्मास आणि ठिगळसुद्धा! ज्या माणसाला आजवर स्वतःच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसलं नाही, त्याला म्हणे कोपरावरचा दोरा दिसला. मी रांग बारामध्ये, सगळ्यांच्या देखत, पुस्तिका त्याच्यापुढे धरली.

"दादा, तू गेलाच नव्हतास. मी गेले होते."

"वेडबीड लागलंय का तुला, बारके? गालगुंड तुला झालं होतं. तू घरी होतीस."

थापा मारताना दादाचे कान लाल होतात. त्या दिवशी झाले नाहीत. तो खरंच तसं समजून चालला होता, आणि मला राग आला तो त्याचाच. चोराला निदान माहीत असतं.

निळ्या डब्यात डॉक्टरांचा एक दाखला आहे. माझ्या एकतिसाव्या वर्षी, याच भाचीची लागण होऊन, मला गालगुंड झाल्याचा. गालगुंड सहसा दोनदा होत नाही. म्हणजे सातव्या वर्षी मला झालेलं नव्हतं. माझ्या माघारी हा दाखला चौकटीत बसवून दहा क्रमांकाच्या खुर्चीवर ठेवावा.

कलम ६. वरचं कलम मी काल लिहिलं. रात्रभर छान झोप लागली. आज सकाळी यंत्राला तेल घालताना पुढचं आठवलं. खरं म्हणजे ते मी कधी विसरलेच नव्हते, फक्त अकरा वर्षं तिकडे बघितलं नव्हतं.

मॅचहून परत येताना बाबा म्हणाले होते, "बारके, फार रंगवून सांगू नकोस हं. त्याला वाईट वाटेल." मी घरी गेले, दादाच्या पलंगावर चढले आणि सगळं रंगवून सांगितलं. शून्य-शून्यचे तीन-दोन केले. तो फुगलेल्या गालांनी रडायला लागला. मी घाबरले. मग म्हटलं, "रडू नकोस. तू पण होतास ना. बाबांच्या खांद्यावर तूच होतास."

"मग तू कुठे होतीस?"

"मी घरी. मला गालगुंड झालं होतं."

तो हसला. पुढचे आठ दिवस रोज दुपारी त्याने मला तीच गोष्ट सांगायला लावली, आणि रोज मी त्याला खांद्यावर बसवलं. ठिगळही मीच दिलं. नीट बसावं म्हणून दोनदा सांगितलं. माझं काम तेव्हापासूनच पक्कं.

तेव्हा दाखला चौकटीत बसवू नये. भाचीने तो फाडून टाकावा, आणि इथवर काय लिहिलं आहे ते वडिलांना सांगू नये. वकीलबाईंचं म्हणणं, पुरावा असा नष्ट करता येत नाही. मी म्हटलं, माझं गालगुंड आहे, मी बघून घेईन.

ती मॅच, खांदा, थर्मास आणि ठिगळासह, मी थोरल्या भावास पूर्ण मालकीहक्काने देते. कब्जा त्याच्याकडे आहेच. माझ्या माघारी माणसं जमतील तेव्हा त्याने ती सगळ्यांना सांगावी. तीन-दोनच सांगावी. कोणीही त्याला मध्ये टोकू नये. मी त्या दिवशी घरी होते, गाल सुजून पडले होते.

अट एकच. दादा, मॅच संपली की वाटेत रेंगाळू नकोस. सरळ घरी ये, माझ्या पलंगावर बस आणि मला पहिल्यापासून सगळं सांग.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार: १. शेजारचे चष्मेवाले. २. समोरच्या लॉन्ड्रीच्या मालकीणबाई. दोघांनीही मला सही करताना पाहिलं. आतला मजकूर वाचला नाही, असं दोघंही म्हणतात. लॉन्ड्रीच्या बाई डोळे पुसत होत्या.

स्थळ: दुकान, कापायचं टेबल.

दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा शनिवार. सह्या दोनच्या आत उरकल्या, कारण साडेतीनला मॅच आहे. थर्मासमध्ये आज दोघांचा चहा भरला आहे.