गुटीच्या डबीतली गोळी

सासूबाई,

तुमचा आणि नंदूचा डोळा लागलाय, म्हणून न उठवताच निघाले. उमरोळीच्या शाळेत वेळेवर पोचायला हवं.

गुटीच्या डबीतली अफूची गोळी मी चुलीत टाकली आहे. ह्यांनाही लहानपणी दिलीत आणि ते आज तारापूरच्या कामावर लोखंड उचलतात, कबूल. पण काल नंदू दूध प्यायलाही जागा होईना. पुन्हा गोळी आणू नका. मुरुडशेंग, हळकुंड खुशाल उगाळा.

रडला तर खांद्यावर घ्या, आता तो मान धरतो. दमलात तर भागी धुण्याला येईल, तिच्याकडे द्या.

तो खुदकन हसतो, असं तुम्ही रोज सांगता. मी घरी येते तेव्हा तो झोपलेलाच असतो. आज मला तो जागा हवाय.

सुगंधा