कापलेली भाकरी

१४ नोव्हेंबर १९४३, तेर

आलो एकदाचे. हे इथं नवे स्टेशनमास्तर. क्वार्टर मोठं, हवेशीर. आधी कुणी गोरा साहेब राहायचा म्हणे. आमची नीला सहा वर्षांची, पण दिवसभर फलाटावर पळून तिनं मला घाम फोडला. शेजारच्या बानूबाईंनी तिला गूळ दिला.

फडताळात एक चमत्कारिक वस्तू सापडली. लाकडी कमान आणि दोरीच्या जागी दातेरी पातं. मला ती पिंजाऱ्याची धनुकली वाटली. हे पोट धरून हसले. सिकंदराबादेत पाहिलीय, डबलरोटी कापायची सुरी आहे, म्हणाले. लढाईच्या दिवसांत डबलरोटी आणायची कुठून? घासूनपुसून ठेवली.

१७ नोव्हेंबर

नीलाचे पुढचे दात पडलेत. कडक भाकरी चावत नाही, मोडली तर चुरा होतो, आणि आमटीत कालवून दिली की नाक मुरडते. नखरे सगळे बापाचे. आज त्या सुरीनं कापून दिली. काय सुबक फोडी पडल्या. आमच्यात भाकरी मोडतात, कापत नाहीत. कापली की वाटणी झाली, ज्याला तुकडा गेला तो घरातून वेगळा निघाला, असं माझी आई म्हणायची. तिला मी अव्वा म्हणायचे, नीला मला म्हणते तसं. सहा वर्षांच्या पोरीची कसली वाटणी? आता रोज तिच्यापुरती कापीन.

२१ नोव्हेंबर

बानूबाई बसायला आल्या. नीला माझ्या मांडीवर होती, तरी मला लेकरूबाळ नाही का, असं त्यांनी विचारलं. नजर कमी झाली असेल. सुरी दिसताच मात्र त्या उठल्याच. साहेबाच्या मडमेलाही मूल नव्हतं म्हणाल्या, पण दोरीवर लहान झगे वाळत असायचे. कुणाचे, ते मडमेलाही सांगता यायचं नाही.

२४ नोव्हेंबर

बानूबाईंचं बोलणं डोक्यातून जाईना, सुरी विहिरीत टाकून आले. भाकरी हातानं मोडून भरवली. तरी जेवताना यांनी दोनच पाट मांडले. तिसरा कुणाला, म्हणाले. मला थट्टा वाटली. हे हसले नाहीत. मी बानूबाईंकडे धावले. त्या एवढंच बोलल्या, "वाटणी झाली बाई. कापलेलं सांधत न्हाय."

फार भीती वाटतेय.

२६ नोव्हेंबर

ती यांचा सदरा ओढते, रडते. हे सदरा झटकतात, माशी बसल्यासारखा. फक्त मलाच दिसते. मीही विसरले तर — नाही. पोटची आहे.

२७

हाक मारायला तोंड उघडलं. नाव — जिभेवर आहे. तिनंच सांगितलं. लगेच निसटलं. पुन्हा विचारलं तर ती माझ्याकडे बघतच —

तारीख

घर आवरलं. आम्हा दोघांना एवढी जागा जास्तच होते. सकाळपासून ओट्यावर कुणाची तरी पोर बसलीय. मला अव्वा म्हणते. वाईट वाटलं, भाकर दिली. हे म्हणाले, दार लाव, सवय लागेल. खरंच आहे. उंबऱ्यावर हात ठेवलाय तिनं. बोटं काढ म्हटलं तर काढत नाही. आता दार —