आठ पोत्यांची सही

पुणे, ९ ऑगस्ट १९४४

ती. रेबेकाताईस डेव्हिडचा सप्रेम सलाम, वि. वि.

पत्र पावले. तुझे अक्षर बोर्डिंगच्या मुलींना तरी लागते का? मला दोनदा वाचावे लागले.

आज मात्र रागात लिहितो आहे. आमचे प्रोफेसर गुर्जर हिशेबतपासणी शिकवतात. परवा म्हणाले, सचोटी पुस्तकातून येत नाही, आज सोंगे घ्यायची. ते एका संस्थेचे सेक्रेटरी झाले, मी ऑडिटर. वहीत धान्य जास्त, कोठीत कमी. मी सही नाकारायची, एवढेच ठरलेले. त्यांनी लाच देऊ केली नाही की दरडावले नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, पोरा, तुझ्या शिक्षणासाठी मीच शब्द टाकला होता. ताई, माझा हात आपोआप चालला. सही करून बसलो! साठ पोरे खिदळली. मग त्यांनी विचारले, कोण नकार देईल? साठही हात वर. खोटारडे सगळे! मी त्या वर्गात पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

तब्येत सांभाळ. या चिडक्यावर माया असू दे.

तुझा, डेव्हिड

मुलींचे बोर्डिंग, ता. नेवासे, १७ ऑगस्ट

चि. डेव्हिड यास अ. उ. आ.

भर वर्गात पोराला उघडे पाडायचे ही कसली विद्या, म्हणून आधी तुझ्या प्रोफेसरांचा राग आला. मग तुझा आला.

आता ऐक. आमचे सेक्रेटरी गिदोनराव दर महिन्याला साठ्याची वही घेऊन येतात. कंट्रोलची ज्वारी तीस पोती मिळाली, अशी मेट्रन म्हणून माझी सही लागते. येतात बावीस. उरलेली आठ काळ्या बाजारात जातात. चार महिने मी सही करते आहे. मी काही बोलायच्या आत ते तुझी चौकशी करतात, आणि बोर्डिंग चालवणाऱ्या मंडळाची शिष्यवृत्ती तुला कोणी मिळवून दिली याची आठवण देतात. अगदी तुझ्या प्रोफेसरांच्याच शब्दांत.

काल स्वयंपाकीण साळूबाई तोंडावर म्हणाली, बाई, पोरी अर्ध्या भाकरीवर झोपत्यात, तुमाला दिसत न्हाई व्हय? मी तिच्यावरच ओरडले. हे पत्र फाडून टाक.

तुझी ताई

पुणे, २३ ऑगस्ट

ती. ताईस सलाम, वि. वि.

पत्र फाडले नाही. मी इथे पोटभर जेवतो आणि तुझ्या पोरी अर्ध्या भाकरीवर? गिदोनरावांना शिव्या दिल्या, मग तुलाही. माझ्या नावावर हे करायला तुला कोणी सांगितले होते? मला एकदा विचारायचे तरी!

नावे न सांगता सगळे प्रोफेसरांच्या कानावर घातले. ते म्हणाले, उद्या हेच सोंग, पण सेक्रेटरी तू व्हायचे. ते स्वतः मेट्रन झाले. हसू नकोस, डोक्यावरून पंचा घेऊन बसले होते. मी गोड बोललो, उपकार काढले. ते एकच सांगत राहिले, पोती अंगणात मोजा, मग सही. शेवटी मी खरोखर भडकलो. टेबलावर मूठ आपटून म्हणालो, तुझ्या भावाची शिष्यवृत्ती उद्याच बंद करीन! ते शांतपणे म्हणाले, करा.

माझ्याजवळ पुढचे वाक्यच नव्हते. ताई, गिदोनरावांकडेही नसेल. तू करा म्हण. मी सांगतो म्हणून म्हण.

तुझाच, डेव्हिड

पुणतांबे, १४ ऑक्टोबर

चि. डेव्हिड यास अ. उ. आ.

पत्ता पाहून समजला असशील. सप्टेंबरच्या एक तारखेला पोती अंगणात उतरवून घेतली, बावीस भरली, बावीसच लिहिली. गिदोनराव तुझ्या नावावर आले तेव्हा मी ‘करा’ म्हणाले. मग मागच्या चार सह्या खोट्या आहेत असे मंडळाला स्वतःच लिहून दिले.

मंडळाने गिदोनरावांना आणि मला, दोघांनाही काढले. त्यांनी खाल्ले आणि मी भिऊन सही केली, दोन्ही एकाच पारड्यात! अजून अंगाचा तिळपापड होतो. पण डेव्हिड, अर्धी भाकरी त्या मुलींनीच खाल्ली. त्यांच्यापुढे मी काय बोलू? तुझी शिष्यवृत्तीही गेली. प्रोफेसरांनी तुला दुपारचे वह्या लिहिण्याचे काम मिळवून दिले, ते मान खाली न घालता कर. मला इथल्या शाळेत पहिलीचा वर्ग मिळाला आहे, पगार निम्मा.

काल साळूबाई बाजाराला आली होती. सांगत होती, या महिन्याची गाडी आली तेव्हा नव्या मेट्रनबाई आत बसल्या होत्या. पोरीच ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि एकेक पोते उतरेल तसा मोठ्याने आकडा म्हणू लागल्या. हमालांनी तीसपर्यंत उतरवले, मगच पोरी आत गेल्या.

वेळेवर जेव. रागावलास तरी लिहीत राहा.

तुझी, ताई