सहा शिट्ट्या

इंगोलश्टाट, सोमवार

ती. शुभाआत्या,

साष्टांग नमस्कार (आमच्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात मावेल तेवढा). दत्तात्रयकाकांचा गुडघा कसा आहे? व्यायाम करत नसणार हे ठाऊक आहे, तरी विचारतो. मीनल मजेत, ऊर्जा मजेत. माझंही काल दुपारपर्यंत बरं चाललं होतं. टाइप केलेलं तू वाचत नाहीस, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय.

तर झालं असं. शनिवारी ऊर्जाच्या शाळेत झोमरफेस्ट, म्हणजे उन्हाळी जत्रा. कोण काय आणणार याची यादी वर्गाच्या दारावर लागली आहे. केक, नूडल्सचं सॅलड, केक, पुन्हा नूडल्सचं सॅलड, आणि मग माझ्या लेकीच्या अक्षरात: पुरणपोळी (पापा). गेल्या वर्षी तुझ्याकडे खाल्ली तेव्हापासून ती वर्गात त्या पोळीच्या बढाया मारतेय. आणि इथे यादीत लिहिलेलं पुसत नाहीत गं! भूकंप झाला तरी आपापला पदार्थ घेऊन हजर व्हायचं. पोरगी वर्गासमोर खोटी पडू नये म्हणून काल रविवारी रंगीत तालीम केली.

इंटरनेटवरून पुरणपोळी करायची म्हणजे आधी व्हिडिओतल्या बाईंचं बालपण ऐकायचं. मग जाहिरात, मग त्यांच्या सासूबाई, मग पुन्हा जाहिरात. 'चला तर मग' म्हणेपर्यंत इकडे कणीक वाळली. माझे हात पिठाचे, फोन झोपलेला, बोट ओळखेना. शेवटी नाकाने उठवला (हसू नकोस, गाड्यांचे ब्रेक डिझाइन करणारा माणूस आहे मी). नाकाने भलतंच दाबलं जाऊन माशाचं कालवण सुरू झालं ते वेगळंच.

अखेर बाई म्हणाल्या, सहा शिट्ट्या. आता आमचा कुकर जर्मन. तू दिलेला रविवारी वाजला की वरच्या मजल्यावरच्या बाई दारावर चिठ्ठी लावायच्या, म्हणून हा घेतला. हा शिट्टी देतच नाही, एक पिवळी काडी मुकाट्याने वर येते. हे मला माहीत आहे! सहा वर्षं वापरतोय! पण व्हिडिओतल्या बाईंच्या नादी लागून मी आणि ऊर्जा बोटांवर शिट्ट्या मोजायला सज्ज होऊन उभे. पाऊण तासाने ती म्हणाली, 'पापा, देअर फाइफ्ट निष्ट,' हा काही वाजत नाही. मी म्हटलं, जरा धीर धर. आणखी अर्ध्या तासाने उघडला, तर वर खळ आणि खाली कोळसा.

ऊर्जा रडली नाही, तेच वाईट. उद्या यादीतलं खोडून टाकते, असं तिच्या जर्मनमध्ये शांतपणे म्हणाली आणि खोलीत गेली. मला फार लागलं गं आत्या.

मग मी निघताना तू बॅगेत कोंबलेलं तुझं पाककृतींचं पुस्तक काढलं. छापलंय तिथेही सहा शिट्ट्याच, पण कडेला तुझं निळ्या शाईतलं अक्षर: 'शिट्ट्या मोजू नयेत. डाळ बोटांनी चेपून बघावी.' आणि त्याखाली, 'यशोधनसाठी दोन जास्त.' आत्या, त्या फोनात हजार पुरणपोळ्या असतील, पण माझ्यासाठी दोन जास्त कुणी धरलेल्या नाहीत. आजपासून फोन बंद. तुझं पुस्तक म्हणेल ते प्रमाण.

काकांना नमस्कार.

तुझा भाचा,
यशोधन

ता. क. पुस्तक वापरतोस ना, असं तू विचारायचीस आणि मी 'रोज' म्हणायचो. ते खोटं नव्हतं. रोज ते वॉशिंग मशिनच्या डाव्या पायाखाली होतं. काल काढल्यापासून मशीन बाथरूमभर हिंडतंय.

आणखी एक ता. क. ऊर्जाची समजूत काढायला ते पान तिला वाचून दाखवलं. सगळं ऐकून म्हणाली, 'उंड फ्यूर मिष?' आणि माझ्यासाठी? पुस्तक तिच्या जन्माआधीचं आहे, हे कारण तिला मान्य नाही. यादी खोडायची तिने थांबवली आहे, पण पुस्तक उशीखाली घातलंय. तिचं नाव त्यात आल्याशिवाय मला मिळणार नाही. तेव्हा निळ्या शाईने ऊर्जासाठी किती ते लिही आणि शुक्रवारच्या आत फोटो पाठव (व्हॉट्सॲपवरच, टपालाचा काय भरवसा; छापून त्या पानावर चिकटवतो). मला दोन आहेत, तिला तीन तरी लिही. ती मोजते.