वली आझाद असावा लागतो

सोपारा,
१२ ऑक्टोबर १९९७

चि. लियाकत यास,
रुकय्याआपाचे अनेक दुआ-सलाम. वि. वि.

आम्ही दोघी खुशाल. तुझी खुशाली अल्लाकडे मागतो, कारण तुझ्याकडे मागून मिळत नाही. मागच्या पत्रात तू एसीच्या कॉम्प्रेसरबद्दल दीड पान लिहिलंस आणि स्वतःबद्दल अर्धी ओळ. कॉम्प्रेसरची तब्येत आता बरी असेल अशी आशा करते.

बातमी अशी की आपल्या धाकट्या बहिणीचं, तहसीनचं ठरलं. मुलाचं नाव मुबीन. नायगावला नव्या इमारतीत राहतो, औषधांच्या कंपनीत आहे, आणि समोरच्याला वाक्य पूर्ण करू देतो. पुरुषांतला हा गुण मी पन्नाशीत पहिल्यांदाच पाहिला. निकाह रमजान ईदनंतर, २२ फेब्रुवारीला, रविवारी.

आता तुझं काम. आपण कोकणी, शाफई. आपल्यात मुलीतर्फे संमती देणाऱ्या घरच्या पुरुषाशिवाय, वलीशिवाय, तिचा निकाह लागत नाही. अब्बा गेले, म्हणजे तिचा वली तू. मी तुझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तुला कडेवर घेऊन गासच्या वाडीत केळी आणायला जायची, तुझ्या नाकाखालचं सगळं मी पुसलं, अम्मी गेल्यावर तहसीनला मी वाढवलं. तरी संमती लागणार ती तुझी. तक्रार नाही, आपलं सांगून ठेवते. तर पंधरा दिवस आधी ये. सहा वर्षं झाली तुला बघून. तहसीनला तुझा चेहरा फोटोतलाच आठवतो, आणि त्या फोटोत तुझे डोळे मिटलेले आहेत.

आणखी एक. निकाहनाम्यात शर्तींसाठी रकाना असतो. आपले खतीबसाहेब तीस वर्षं त्यावर आडवी रेघ मारत आलेत, इतक्या सफाईने की मला वाटायचं, तो रेघेसाठीच छापतात. तहसीनला तिथे लिहून हवंय की तलाकचा हक्क नवरा तिच्याही हाती सोपवतो. मुबीन तयार आहे. त्याची अम्मी म्हणते, लागायच्या आधीच मोडायची भाषा कशाला. मी त्यांना म्हटलं की पाणजूच्या होडीत बसताना पोहता येतं का असं कुणी विचारलं, तर तो होडी बुडवायला निघालाय असं आपण समजत नाही. त्यांनी चहा अर्धा टाकला. खतीबसाहेबांचं म्हणणं, वलीची ना नसेल तर ते रेघ मारणार नाहीत. म्हणजे गाडी पुन्हा तुझ्यापाशीच.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
रुकय्याआपा

*

दम्माम,
३० ऑक्टोबर १९९७

ति. आपास,
लियाकतचा सलाम. वि. वि.

तहसीनची बातमी वाचून खोलीतल्या सगळ्यांना खजूर वाटले. ती फ्रॉक घालून दारात उभी राहायची, तेवढीच डोळ्यांसमोर येते. तिचा निकाह कसा असेल?

पण आपा, ते कलम मला पटत नाही. इथे जुम्याच्या नमाजनंतर आमचा दर्स असतो. शिकवणारे सांगतात, घराची जबाबदारी मर्दाची, म्हणून किल्लीही त्याच्याकडे. औरतला मेहेर दिला, वारसा दिला, नवऱ्याकडे सुटका, म्हणजे खुला, मागण्याची वाट दिली. माणसं बाजारात विकली जायची त्या जमान्यात आपल्या दीनने गुलाम सोडवणं हे सवाबाचं, पुण्याचं काम ठरवलं. कसम मोडली तर गुलाम आझाद करा, चूक झाली तर आझाद करा. ज्या दीनने गुलामाची एवढी फिकीर केली, तो बायकांना वाऱ्यावर सोडेल का? मग वर आणखी कागद कशाला? लोक म्हणतील, भावाला दुलह्यावर भरवसा नाही.

सुट्टीचं बघतो. सीझन आहे. शेठचं माझ्यावाचून पान हलत नाही.

इथे केळी मिळतात, सगळी एका मापाची. चव पुठ्ठ्याची. कुणी येत असेल तर सुकेळी पाठव.

तुझा,
लियाकत

*

सोपारा,
१८ नोव्हेंबर १९९७

चि. लियाकत यास, अनेक दुआ. वि. वि.

पत्र पोचलं. तू मौलवी झालास हे कळवलं असतंस, तर पत्ता लिहिताना मान ठेवला असता.

गुलामांचं म्हणतोस ते खरं. सोडवणं सवाबाचं ठरवलं, हे मला मान्य आणि मला त्याचा अभिमानही आहे. पण बाजारच बंद करा असं थेट का नाही सांगितलं, हे मी लहानपणी मदरशात विचारलं होतं. मौलवीसाहेबांनी मला पाणी भरायला पाठवलं. चाळीस वर्षं झाली, हंडा उतरवलाय, प्रश्न डोक्यावरच आहे.

आणि खुला म्हणतोस? खुला मागायचा असतो, आणि द्यायचा की नाही हे तोच ठरवतो ज्याच्यापासून सुटायचं. विसरलास? तुझ्या भावजींनी मुंब्र्याला दुसरं घर मांडलं. मला नांदवलं नाही, सोडलंही नाही. नऊ वर्षं मी शाळेच्या हजेरीपटावर सौ. होते आणि घरी कुणीच नव्हते. मी खुला मागितला की ते हसून म्हणायचे, घाई काय आहे. शेवटी ते वारले, आणि नऊ वर्षं न आलेल्या माणसासाठी मी चार महिने दहा दिवस घराबाहेर न पडता इद्दतला बसले. त्या दिवसांत तहसीन सहावीत होती. माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून अभ्यास करायची. ती तेव्हा काय शिकली हे आता कळतंय.

तुझ्या दर्समध्ये बरीराची गोष्ट सांगतात का? तहसीनने ती मला वाचून दाखवली. बरीरा गुलाम होती, नवरा मुगीसही गुलाम. तिला आझाद केल्यावर तिला विचारलं गेलं की या नवऱ्याजवळ राहायचं की जायचं. ती निघाली. मुगीस मदिनेच्या गल्ल्यांत तिच्यामागे रडत फिरायचा, दाढी भिजेपर्यंत. हुजूर पैगंबरांनाही त्याची दया आली, त्यांनी तिला परत जा म्हणून सुचवलं. तिने विचारलं की हा हुकूम आहे का. ते म्हणाले, नाही, शिफारस. मग मला त्याची गरज नाही, असं ती म्हणाली, आणि कुणी तिला अडवलं नाही. आता मला सांग, गुलामीतून सुटलेल्या बाईला निघून जाता येतं, आणि माझी जन्माने आझाद बहीण घाई काय आहे असं ऐकत नऊ वर्षं बसणार?

माझ्या शाळेतली शिक्षिका पॉलिन सगळं ऐकून म्हणाली की आमच्या चर्चमध्ये लग्नातून सुटायला दारच नाही, तुम्ही निदान किल्लीवरून भांडता. तिच्या बोलण्याचं वाईट वाटून घ्यावं की हेवा, हे तिलाही कळेना, मलाही.

ये रे. समोर बसून भांडू. पत्रात भांडताना तुझे कान लाल झालेले दिसत नाहीत.

तुझी,
आपा

*

दम्माम,
६ डिसेंबर १९९७

ति. आपास सलाम. वि. वि.

मुगीसची गोष्ट मी खोलीत वाचून दाखवली. एकजण उठून कपडे धुवायला गेला. धुवायला काही नव्हतं.

भावजींचं विसरून मी तुला खुलाबद्दल लिहायला नको होतं. माफ कर. पण कलमाचं मी आल्यावर ठरवू. तोवर खतीबसाहेबांना काही बोलू नकोस. मी येतो. नक्की येतो. शेठने उद्या सांगतो म्हटलंय.

तुझा,
लियाकत

*

सोपारा,
२८ डिसेंबर १९९७

चि. लियाकत यास, दुआ.

पॉलिनचा भाऊ आलोशियस नाताळला गासला आला. तुझ्याच शेजारच्या गोदामात असतो. पॉलिनने सुकेळीची पुडी तुझ्यासाठी त्याच्याकडे दिली आणि सहज विचारलं की लियाकत निकाहला कधी निघतोय. त्याला वाटलं, आम्हाला सगळं ठाऊक आहे. म्हणाला, कसा निघेल, त्याचा पासपोर्ट सहा वर्षं कफीलच्या कपाटात आहे. मागितला की उद्या म्हणतात. वर्षाला तू दोनदा मागतोस, असंही म्हणाला.

पॉलिनने मला हे स्टाफरूममध्ये सांगितलं. मी पुढचा तास घेतला. भूगोल होता, नकाशावर मुलांना अरबस्तान दाखवायचं होतं. दाखवलं.

सहा वर्षं मी तुला टोमणे मारले, की आमची आठवण येत नाही, तिकडचा झालास. एकदा तरी लिहायचंस, की आपा, गप्प बस. मी काही विचारत नाही. खरं ते लिही.

आपा

*

दम्माम,
१५ जानेवारी १९९८

ति. आपास सलाम. वि. वि.

रोजे चालू आहेत. इफ्तारीनंतर लिहितोय.

आलोशियस खरं बोलला. कफील म्हणजे आमचा शेठ, ज्याच्या नावावर मी या मुलखात आहे. पहिल्याच दिवशी त्याने पासपोर्ट घेतला, सांभाळायला म्हणून. हिरवं लोखंडी कपाट आहे. त्याच खोलीतला एसी मी दुरुस्त करतो. आपा, तो वाईट माणूस नाही. पगार थकवत नाही, ईदला कपडे करतो, आजारी पडलो तेव्हा स्वतः सूप घेऊन आला. मी जायचं नाव काढलं की हसून उद्या म्हणतो. त्याला खरंच वाटतं की मी इथे सुखात आहे, मग घाई काय? तुझ्या पत्रात भावजींचे हेच शब्द वाचले.

मुबीन चांगला आहे असं तू लिहिलंस. असेल. माझा कफीलही चांगला आहे. चांगल्या माणसाच्या हातातली किल्लीसुद्धा त्याच्याच हातात असते. तहसीनची तिच्याकडे असू दे.

सोबत पत्र आहे, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं. वली म्हणून माझ्या जागी हसनचाचांना नेमतो, आणि कलमाला माझी हो आहे.

पण एक विचारायचंय. लाज वाटते. परवा दर्समध्ये वली कसा असावा ते सांगत होते. मुसलमान, मर्द, वयात आलेला, अक्कल असलेला, आझाद. आझाद म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, की आता गुलाम कोण राहिलेत. खोलीत आम्ही बावीस जण होतो. एकाचाही पासपोर्ट खिशात नव्हता. मी शिकवणाऱ्यांना विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. तू खतीबसाहेबांना विचार, की असा माणूस वली चालतो का. माझ्यामुळे तहसीनचा निकाह कच्चा राहू नये.

तुझा,
लियाकत

*

सोपारा,
२४ फेब्रुवारी १९९८

चि. लियाकत यास,
रुकय्याआपाचे अनेक दुआ. वि. वि.

परवा निकाह झाला. क्रमाने सांगते.

हसनचाचा दोन साक्षीदार घेऊन तहसीनला विचारायला आत आले. आपल्यात मुलगी गप्प राहिली तरी हो धरतात. माझ्या वेळी मीही गप्पच राहिले होते, आणि सगळे खूश झाले होते. हिने पहिल्याच फेरीला कबूल म्हटलं, असं की बाहेर वाढप्याचा हात थांबला. चाचा गोंधळले. पण तीनदा विचारायचा रिवाज, म्हणून उरलेल्या दोन वेळाही विचारलं, आणि हिने दोन्ही वेळा तितक्याच जोरात सांगितलं. तिची सासू म्हणाली की मुलीचा आवाज खणखणीत आहे. मी म्हटलं, घरचाच आहे.

मग निकाहनामा. खतीबसाहेबांनी शर्तीच्या रकान्यावर पेन टेकवलं, आणि तीस वर्षांची सवय, दोन बोटं रेघ मारून मोकळे. मुबीननेच हात पुढे करून थांबवलं. त्यामुळे तहसीनचं कलम एका छोट्या रेघेनंतर सुरू होतं. असू दे. कलम पूर्ण आहे, सह्या आहेत.

तुझा प्रश्न मी आधीच, ईदच्या दुसऱ्या दिवशी, विचारला होता. खतीबसाहेबांनी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढून बसले. मला वाटलं आता हंडा देतात. मग म्हणाले की कपाटात कागद ठेवला म्हणून माणूस कुणाच्या मालकीचा होत नाही; आझाद आईबापांचा मुलगा आझादच; वली तोच, निकाह पक्का. आणि खाली बघत म्हणाले की ठेवणाऱ्याने मात्र अल्लाला जबाब द्यायचाय.

मी म्हटलं, लिहून द्या.

त्यांना समजेना. असं लिहून देण्याचा रिवाज नाही म्हणाले. मी उठले नाही. शेवटी त्यांनी जमातीच्या कागदावर लिहिलं, की सोपाऱ्याचा लियाकत वल्द दाऊद हा आझाद मर्द आहे, आणि शिक्का मारला. तो कागद सोबत आहे. त्याने तुझ्या कफीलचं कपाट उघडणार नाही, एवढी अक्कल मला आहे. तरी खिशात ठेव. त्या बावीस जणांत एकाच्या तरी खिशात काहीतरी असू दे.

लोभ इथे साठून राहिलाय, पत्रात मावत नाही. न्यायला ये.

तुझी,
आपा